लाल चेहऱ्याचा कंडक्टर

सोलापूरहून अक्कलकोटला कामाला जाताना सकाळच्या बसमध्ये मला नेहमी एकच कंडक्टर भेटतो. कातडीच्या कसल्याशा आजारानं त्याचा चेहरा कायम लालबुंद असतो. नुकताच कुणाशी भांडून आलाय असं वाटावं. आवाज खरं तर मऊ आहे. तरी लोक गुपचूप तिकीट घेतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. मीही कित्येक महिने तेच केलं.

एकदा वळसंग मागं पडल्यावर माझ्या शेजारची म्हातारी डोळे पुसू लागली. लेकीच्या वस्तीवर थांबा नव्हता, बस थांबवायला सांगायचं राहून गेलं, असं ती पुटपुटली. कंडक्टर जवळ आला.

"आजी, आदी सांगायचं की."

"तुमी रागात दिसला, म्हनून बोलले न्हाय," ती म्हणाली.

त्यानं घंटी वाजवून बस थांबवली. समोरून येणाऱ्या बसला हात केला, आजीला धरून रस्ता ओलांडला आणि तिला त्या बसमध्ये बसवून दिलं. परत आल्यावर तो माझ्या शेजारी टेकला.

"राग मला येतच न्हाय वो," तो हळूच म्हणाला. "पन घरातली मानसं सोडली तर कुनाला पटत न्हाय."

त्या लाल रंगात राग आम्हीच बघत होतो, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येकापाशी वाकून स्वतःच विचारू लागला, "नेमकं कुटं सोडू?" लोक आधी बिचकायचे, मग सांगायचे.

परवा एका बाईनं सुटे शोधताना झोपलेलं बाळ सरळ त्याच्या हातात दिलं. सुटे सापडले, तरी तो बाळाकडं बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला.