आमच्या व्याह्यांची गेट मीटिंग

दोन हजार चौदा साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि अख्ख्या पिंपरी-चिंचवडात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझी तोवर खात्री होती. त्या वर्षी धाकट्याचं लग्न झालं, सुनेचे वडील आमचे व्याही झाले आणि माझा नंबर दुसरा लागला. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली, त्यावरून दोघांत फरक किती थोडा होता ते समजून घ्यावं. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढं जन्म फाउंड्रीत साचे भरण्यात गेला. व्याही सातवी शिकलेले. पण ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं, हा माणूस विधानसभेतून उठून थेट जेवायलाच आला.

ते भोसरीच्या एका कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होते. एक शिफ्ट सुटते आणि दुसरी भरते, त्या थोड्या वेळात गेटबाहेर उभं राहून जे भाषण करायचं त्याला आमच्याकडे गेट मीटिंग म्हणतात. सुटलेल्याला घरी जायची घाई, भरणाऱ्याला आत जायची घाई, म्हणून वक्त्यानं जे काय ते मोठ्यानं आणि मुद्द्यानं बोलायचं असतं. व्याही रिटायर झाले, पण गेट मीटिंग काही त्यांच्या अंगातून रिटायर झाली नाही. प्रेस मशीनच्या आवाजात कान गेलेले, त्यामुळे आवाजही कायम गेटवरचाच. भाजीत मीठ कमी पडलं तर म्हणायचे, "एक, भाजी अळणी आहे. दोन, ही तक्रार मागच्या सोमवारीही मांडली होती. तीन, आमचा संयम म्हणजे आमची कमजोरी समजू नये." विहीणबाई शांतपणे मीठ पुढं सरकवायच्या आणि मला म्हणायच्या, "चालू द्या त्यांचं. शिफ्ट भरली की थांबतात."

साखरपुड्याच्या आठवड्यात कुठल्याशा कंपनीनं कामगार काढले होते. व्याह्यांनी निषेध म्हणून छातीला काळी फीत लावली होती, आणि दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यालाही एकेक लावली. आमच्याकडच्या मंडळींना वाटलं, दापोडीकडं मुलीवाल्यांची अशीच पद्धत असेल. सगळे काळ्या फिती लावून पेढे खात बसले. रुसले ते फक्त आमचे मेहुणे, कारण त्यांच्यापाशी येईस्तोवर फिती संपल्या आणि त्यांना तो मानपानाचा प्रश्न वाटला.

व्याह्यांच्या घराला लागून एक खोली होती, तिथं नासिर नावाचा मुलगा आईबरोबर भाड्यानं राहायचा. चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. "काका, हळू बोला, नाइट करून आलोय," असं व्याह्यांना तोंडावर सांगायची छाती असलेला जगात तो एकटाच. म्हणूनच की काय, व्याह्यांचा त्याच्यावर जीव होता. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, एका पहाटे बाहेरगावच्या पोलिसांनी त्याला उचलला. त्याआधी काही महिने लांबच्या एका शहरात बॉम्बस्फोट होऊन माणसं मेली होती. त्या दिवशी नासिर तिथं सामान पोचवायला गेला होता, असं पोलिसांचं म्हणणं. नासिर म्हणे, मी त्या दिवशी कामावर होतो. कंपनी म्हणे, त्या दिवशी त्याची सुट्टी होती. आणि गंमत अशी, की नासिरही खोटं बोलत नव्हता आणि कंपनीही नाही.

चाकणच्या ठेकेदारी पोरांत एक रीत आहे. ती सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. एखाद्याला गावी जायचं असलं आणि ठेकेदार सुट्टी देईना, की दुसरा त्याच्या गेट पासवर आत जातो आणि त्याच्या नावावर पाळी भरतो. पुढं कधी तो याची भरतो. पासवरचा फोटो तेलानं इतका माखलेला असतो की त्यात रखवालदाराला सख्खा भाऊही ओळखू येऊ नये. त्या दिवशी नासिर बालाजी नावाच्या लातूरकडच्या पोराच्या पासवर काम करत होता. बालाजी बहिणीच्या लग्नाला गावी. पोलिसांनी विचारल्यावर बालाजी घाबरला आणि म्हणाला, मी कामावरच होतो. कंपनीच्या कागदांतही तेच. कॅमेऱ्यातलं चित्र केव्हाच पुसलेलं, ठेकेदार बदललेला, बाकीची पोरं पांगलेली. म्हणजे नासिर सुटायचा तर बालाजीनं कोर्टात उभं राहून सांगायला हवं होतं, की माझ्या जागी तो होता. आणि एव्हाना बालाजी त्याच कंपनीत परमनंट झाला होता.

हे सगळं व्याह्यांनी मला नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जेवता जेवता सांगितलं. मी म्हणालो, "व्याही, पोलीस काय येडे हायत का? उगीच कुणाला धरतील?" व्याह्यांनी हात धुतला. म्हणाले, "पाव्हणं, हा प्रश्न तुम्ही मागं घेईपर्यंत या घरात मी पाण्याशिवाय काही घेणार नाही." मी मागं घेतला नाही. पुढची दोन वर्षं ते सणावाराला आले, नातवाला खेळवून, पाणी पिऊन गेले. मीही एकदासुद्धा आग्रह केला नाही. घरातल्या बायका आम्हा दोघांनाही एकाच नावानं ओळखायला लागल्या, ते नाव इथं लिहिण्याजोगं नाही.

आता कुणालाही वाटेल, बालाजीच्या खोलीवर जावं आणि त्याला समजवावं. व्याह्यांना ते मंजूर नव्हतं. "पोरगं भ्यालेलं आहे. भ्यालेल्याला कोपऱ्यात गाठलं की ते चावतं, नाहीतर पळतं. त्याला रस्त्यावरच ऐकू येऊ दे." म्हणून ते चाकणला त्या कंपनीच्या गेटवर जाऊन मीटिंग घ्यायला लागले. एकटेच. ना झेंडा, ना माइक. आठवड्यातून दोनदा, शिफ्ट सुटायच्या वेळेला. "कामगार बंधूंनो, नासिर त्या दिवशी आत होता. कुणाच्या तरी मशीनवर होता. त्या कुणीतरी फक्त एवढंच सांगावं. खरं बोलणाऱ्याच्या नोकरीला धक्का लागणार नाही, आम्ही पाठीशी आहोत." हे 'आम्ही' म्हणजे कोण, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सध्या मी." बालाजीचं नाव मात्र त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. शेकडो माणसांपुढं ते एकाच माणसाशी बोलत होते, आणि तो एक कुठला हेही ते बघत नव्हते.

लोक बोलायचेच. कुणी नासिरवरून टोमणा मारी, काका, तुमचा जावई सुटला का? एकदा एक पोरगा मोटरसायकल थांबवून म्हणाला, "ओ म्हातारे, पाकिस्तानात जा." व्याही म्हणाले, "जातो की. गाडी कुठं लागती तेवढं सांग, आणि माझ्या पेन्शनचं तिकडं काय ते विचारून ठेव." रखवालदार त्यांना हाकलायचे, मग बसायला खुर्ची द्यायला लागले. आम्ही धाकट्याकडं मोशीला राहतो, तिथल्या सोसायटीत पाण्याच्या टँकरची मीटिंग होती, तर हे तिथंही नासिरवर बोलले. चेअरमन म्हणाले, "काका, विषय टँकरचा चाललाय." व्याही म्हणाले, "तोच चाललाय. टँकर एक दिवस उशिरा आला तर तुमचा जीव एवढा कासावीस होतो. तो पोरगा चार वर्षं तारीख येण्याची वाट बघतोय." दोनतीन जण हसले, एकीनं पदर डोळ्याला लावला आणि टँकरचा ठराव तसाच राहिला. तुरुंगात भेटीला गेले की काचेपलीकडच्याशी फोनवरून बोलायचं असतं. यांना फोनची गरजच नव्हती. त्या दिवशी भेटीला आलेल्या सगळ्या नातेवाइकांना नासिरच्या खटल्याची तारीख कळायची, आणि काही जण आपापल्या वकिलाची चौकशीही यांच्यापाशीच करायचे.

पुढं व्याह्यांचे गुडघे गेले. बसमध्ये चढता येईना. सून मला म्हणाली, "आबा, इथं मोशीपर्यंत त्यांना रिक्षानं आणीन, पण पुढं चाकणला तुम्ही स्कूटरवर न्याल का?" मी म्हणालो, नेईन, पण माझी एक अट. मी त्या भाषणात उभा राहणार नाही. रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर बसेन. पोरगा निर्दोष आहे की नाही हे मला ठाऊक नाही आणि जे ठाऊक नाही त्याची घोषणा मी देणार नाही. व्याही म्हणाले, "मंजूर. ड्रायव्हरला भाषणाची सक्ती नसते." त्या दिवशी त्यांनी आमच्या घरी चहा घेतला. मी प्रश्न मागं घेतलेला नव्हता आणि त्यांनीही तो विषय काढला नाही.

टपरीवर एक तिशीतला पोरगा दर खेपेला माझ्याच बाकावर येऊन बसायचा. शिफ्ट सुटल्यावर सगळे गेटसमोरच्या बसकडं जायचे, हा मात्र वळसा घालून इकडं यायचा आणि व्याह्यांचं भाषण संपेपर्यंत चहाच्या ग्लासात बघत बसायचा. आम्ही गप्पा मारायचो, पाऊसपाण्याच्या, गावाकडच्या. चार-पाच खेपांनी टपरीवाल्यानं त्याला "ए बालाजी" म्हणून हाक मारली, तेव्हा मला उलगडा झाला. मी व्याह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते रस्ता ओलांडून आले असते, आणि पोरगं पुन्हा त्या टपरीवर दिसलं नसतं.

एक दिवस तोच म्हणाला, "आजोबा, ते म्हातारं काय सांगायलंय हो सारखं?"

"तुला ऐकू येत न्हाई व्हय?"

"येतंय की. इथं काय, थेट लातूरला ऐकू जात आसंल." मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "नोकरीला धक्का लागणार न्हाई म्हणतेत. खरंय का?"

"खोटं हाय," मी म्हणालो. "नोकरी जाईल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी त्यांनाच घिऊन येताव ना?"

"व्याही हाय माझा. म्हणून खोटं बोलू?"

"आन पोलीस? आधी खोटं बोललो म्हणून मलाच आत घेतले तर?"

"ते मला ठाऊक न्हाई. वकिलाला इचार. नोकरीचं इचारलंस, ते सांगितलं."

"लेकरू लहान हाय, आजोबा. लई भेव वाटायलंय."

"वाटणारच," मी म्हणालो. त्याच्या चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

पुढं महिनाभर तो आला नाही. मला वाटलं, संपलं. व्याह्यांची इतक्या वर्षांची मेहनत मी एका चहात बुडवली. आणि एका सकाळी नासिरच्या वकिलाचा व्याह्यांना फोन आला, की बालाजी नावाचा कोणी ऑफिसात येऊन बसलाय.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. सरकारी वकील त्याला म्हणाले, तेव्हा खोटं बोललास, मग आजचं कशावरून खरं? बालाजी घामानं डबडबलेला, पण म्हणाला, "तवा खोटं बोललो म्हणून नोकरी राहिली, साहेब. आज खरं बोलायलोय म्हणून ती जायलीय. फायद्याचंच बोलायचं आसतं तर तवाचंच बोललो आसतो की." न्यायाधीशांनी मान वर केली आणि ते लिहून घ्यायला लावलं. त्या क्षणी नासिर निर्दोष आहे हे मला ठाऊक झालं. पंधरवड्यात बालाजीला कंपनीनं काढलं. दुसऱ्याच्या पासवर माणूस आत पाठवला, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं, त्यामुळे चौकशीलाही वेळ लागला नाही. खोली रिकामी करून तो गावी गेला.

निकाल लागायला आणखी वर्ष गेलं. नासिर निर्दोष सुटला आणि संध्याकाळी दापोडीला आला. व्याह्यांनी हार आणला होता, गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या, भाषणाचे मुद्दे सकाळपासून तोंडात घोळवत होते. मला एकवार ऐकवलेही होते, अकरा मुद्दे होते. नासिरच्या दाढीत पांढरे केस आले होते. तो व्याह्यांच्या पाया पडला, आणि ते पहिला मुद्दा काढणार तोच म्हणाला, "काका, बालाजी कुठाय?"

व्याह्यांनी हातातला हार खुर्चीवर ठेवला. नासिरनं थोडा वेळ वाट पाहिली. मग आत जाऊन आईच्या शेजारी चटईवर आडवा झाला. आई दार लोटायला उठली, तर म्हणाला, "उघडंच असू दे, अम्मी." आणि झोपला. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या उचलून नेल्या.

आम्ही दोघं ओट्यावर बसलो. व्याही बोलले, पण शेजारी बसून मला कान लावावा लागला.

"पाव्हणं, तुम्ही त्याला सांगितलं होतं म्हणे, नोकरी जाईल म्हणून."

"सांगितलं होतं."

"मी सांगत होतो, जाणार नाही."

"व्हय."

मग म्हणाले, "उद्यापासून गेटवर त्याचा विषय घेतो. नाव घेऊन. बालाजीला कामावर घ्या."

"त्याला इचारलंय का?" मी म्हणालो. "इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं न्हाई. आता त्याला न इचारता घेणार?"

विहीणबाई जेवायला बोलवायला आल्या, आमच्याकडं पाहिलं आणि ताटं झाकून ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात कुणाला न सांगता वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर गेलो. लातूरच्या फलाटावर व्याही काठी आणि पिशवी घेऊन आधीच बसलेले होते. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली. गाडी लागल्यावर मी त्यांना धरून पायरीवर चढवलं, आणि कंडक्टर आल्यावर म्हणालो, "दोघं आहोत."