सत्तावीस जानेवारीचं कवठे

सत्तावीस जानेवारीला आम्ही दौंडहून सकाळच्या एसटीनं निघालो. सोबत माझे शेजारी सलीमभाई, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या तुकडीतला नामदेव सीमेवर कामी आला होता. कवठे येमाईच्या चौकातलं त्याचं स्मारक मला पाहायचं होतं.

न्हावऱ्यापर्यंत दुतर्फा ऊस. शिरूरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. तिच्या तिखटानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) मिळाली. चढावर ती बंद पडली, तेव्हा सगळ्यांनी उतरून ढकलली.

चौकात कालच्या पताका धुळीत लोळत होत्या. स्मारकाच्या खांबावर झेंडूचा हार होता, पण शेजारच्या भज्यांच्या टपरीची ताडपत्री त्याच खांबाला ताणून बांधलेली. नामदेवचं नाव तिच्याआड गेलेलं. त्याची आई, भामाबाई, दोरीची गाठ सोडत उभी होती आणि टपरीवाला दत्तू तिला विनवत होता.

"मावशी, काल सगळं काढलं व्हतं की. झेंड्याच्या दिशी मी कवा आड आलो?"

"झेंड्याला काढतूस. बाकीचं दिस माझ्या पोरानं कुठं जायाचं?"

दत्तू खाली बघू लागला. उन्हात गिऱ्हाईक थांबत नाही, एवढंच पुटपुटला. आता भांडण पंचायतीत जाणार, असं मला वाटलं. सलीमभाईंनी बाह्या वर सारल्या आणि दत्तूकडेच पहार मागितली. भामाबाईच्या घरामागं जुन्या मेंढवाड्याच्या मेढी (वर बेचकं असलेले लाकडी खांब) पडून होत्या. त्या आम्ही ओढत आणल्या. जमीन मुरमाड, पहार ठणठण वाजे. थोड्या वेळानं दत्तूनं भट्टीवरची कढई उतरवली आणि तोही खणू लागला.

दुपारी ताडपत्री स्वतःच्या मेढींवर उभी राहिली, स्मारकापासून चार हात लांब. भामाबाईनं पदरानं नावावरची धूळ पुसली. मग तिच्या भाकरीबरोबर दत्तूची गरम भजी आम्ही सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ली.

परतीच्या एसटीत सलीमभाईंच्या तळहातांना फोड आलेले दिसले. काल दौंडच्या झेंडावंदनाला हुतात्म्यांवर लांबलचक भाषण झालं होतं. त्यात नाव एकाचंही नव्हतं, हे मला आत्ता जाणवलं.

दौंडला उतरताना ते म्हणाले, "फेब्रुवारीत परत जाऊ. मेढी पक्क्या बसल्यात का बघू."

"फेब्रुवारीत काय असतं?"

"काहीच न्हाई. म्हणून तर जायचं."