लोखंडावर लोखंड

मी साखऱ्याला नांदायला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गयाकाकीला पहिल्यांदा पाहिलं. बैलांच्या डोणीवर वाकून ती पालथा तांब्या पाण्यात दाबत होती. मला वाटलं, तांब्या विसळतेय. मान वर न करता तिनं विचारलं, "सूनबाई, हे पानी आत काहून शिरून न्हाई राहिलं? आत तर काहीच न्हाई!" मी पदर सावरत नुसती हसले. आतून सासूबाई म्हणाल्या, "सापडलीस का तिच्या तावडीत? आता काय सुटत न्हाईस."

लढाईचे दिवस होते, घासलेट मिळायची मारामार. असल्या चौकशा करायला गावात सवड कुणाला? पण काकीला चैन पडायची नाही. "खुरपं आन् लाकूड एकाच उन्हात पडलेत, मंग चटका खुरप्याचाच काहून बसतो?" असं ती पाटलिणीलाही विचारायची. पितळी डब्याचं झाकण अडकलं की मात्र सगळ्या तिच्याकडे धावत. ती झाकणावर कढत पाणी ओतायची आणि अलगद फिरवून द्यायची. "तापलं की फुगतं, बाई," एवढंच म्हणायची.

तिचे यजमान सोपानकाका. माणूस वाईट नव्हता, पण हिचा प्रश्न निघाला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. "तुला काय करायचं? भाकरी थाप!" चार माणसं बसलेली असली की आवाज जरा जास्तच चढायचा. काकी गप्प व्हायची, पण ते तिच्या मनाला लागायचं. एकदा निवडायला बसलो असताना ती म्हणाली, "लेकरू न्हाई दिलं देवानं, त्याची तकलीफ हायेच. पन ह्यायनं माझं एक बोलनं जरी नीट ऐकून घेतलं असतं, तर बरं वाटलं असतं." मी उगाच सुपातले खडे शोधत राहिले.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या गाडीच्या चाकाला नवी धाव चढवायची होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं. ते चाकापेक्षा थोडं लहानच करतात, तीन दगडांवर ठेवून गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात आणि फुगलं की चाकावर बसवून वरून पाणी ओततात. मग ते आवळून घट्ट बसतं. काकी हा प्रकार दर वेळी डोळे फाडून बघायची. दगड टेकतात तेवढ्या जागी धाव काळी राहते, हे तिनंच हेरलेलं. त्या दिवशी ती लोहाराला म्हणाली, "दगडं काढा. लोखंडावर लोखंड ठिवा, बराबर तापंल."

लोहारानं सोपानकाकांकडे पाहिलं. आता काका खेकसणार, असं मला वाटलं. पण काका म्हणाले, "व्हय, खरं हाये तिचं. करून तर पाहू." लोहारानं आपली मोडकी ऐरण दिली, गाडीच्या जुन्या आसाचा एक तुकडा मिळाला. तिसरं कमी पडलं, तसे काका घरी गेले आणि दुधी भोपळ्याच्या आकाराचा एक गंजलेला ठोकळा खांद्यावर घेऊन आले. सेनगावापलीकडच्या एका माळावर लढाईच्या वर्षांत पलटण तोफा डागायचा सराव करायची. तिथं पडलेला हा ठोकळा काकांनी दाराला अडसर म्हणून उचलून आणला होता. तो कसला आहे, हे गावात कुणाला ठाऊक असणार? काका तो ठेवता ठेवता काकीकडे बघून हसले आणि काकी चक्क लाजली. तिला लाजताना मी तेव्हाच पाहिलं.

जाळ पेटला, तशा काकीसकट आम्ही बायका चाकावर ओतायच्या पाण्याला विहिरीवर गेलो होतो, तेव्हा तो आवाज झाला. घागरी टाकून पळत आलो. लोहाराचा हात गेला होता. सोपानकाका जागच्या जागी संपले होते.

त्यानंतर काकी कामापुरतं बोलायची. "बायकोच्या शहाणपणापायी गेला," असं पारावर म्हणणारेही निघाले. त्यांचा मला आजही राग येतो. झाकण अडकलं तरी मग कुणी तिच्याकडे जाईना.

निजामाचं राज्य गेलं, त्या हिवाळ्यात तिचा भाऊ तिला कायमची आखाडा बाळापूरला न्यायला आला. गाडी दारात उभी होती, ती बोचकं बांधत होती. मला राहवेना. तिचा हात धरून म्हणाले, "काकी, पलटणीतून आलेला एक जन सांगत व्हता, तो तोफेचा गोळा व्हता. आत बारूद ठासलेली. तुमाला कसं कळावं ते? तुमी जिवाला लावून घेऊ नका."

ती गाठ मारता मारता थांबली.

"बारूद ठावं नव्हती, पोरी. पन आतून भरलेलं हाये, हे ठावं व्हतं. त्यायनं आनला त्याच दिशी म्या वाजवून पायला व्हता. भरलेलं आन् तोंड बंद केलेलं जाळात ठिवू नये, एवढं मला कळत न्हाई व्हय?"

"मंग?"

"जिभेवर आलं व्हतं. पन चार मानसांत त्यायनं पैल्यांदाच माझं ऐकलं व्हतं. म्या म्हन्लं, आता आनखी काही बोलावं न्हाई."