रविवारचे दोन इंग्रजी पिक्चर

कोळारच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला आणि रत्नपालचे दोन्ही कान कायमचे गेले. हातपाय शाबूत राहिले म्हणून लोक त्याला नशीबवान म्हणाले. ते त्याला ऐकू आलं नाही. बायकोला, राजश्रीला घेऊन तो आपल्या गावी, मुडबीला परतला आणि थोरला भाऊ नागनाथ याच्या शेजारी राहू लागला. राजश्री लोकांच्या शेतात रोजानं जाऊ लागली.

घरात बसून तो संशयी झाला. टीव्हीवर कन्नड मालिका बघताना राजश्री हसली, की डोळे वटारून विचारायचा, "मला हसायलीस का?" शेवटी तिनं मालिका सोडून दिल्या.

एका रविवारी दुपारी चॅनल फिरवताना जुना हॉलिवूडचा पिक्चर लागला, काळा-पांढरा. तो संपला की लगेच तसाच दुसरा. टोपीवाले पुरुष, लांब झग्यातल्या बायका. त्याला ऐकू येत नव्हतं, तिला एक शब्द कळत नव्हता. बऱ्याच दिवसांनी दोघं बरोबरीत आले. पडद्यावरची बाई रडायला लागली तेव्हा राजश्रीनं हातानंच विचारलं, काय म्हणायलीय?

"सासू लई छळायलीय म्हणती," रत्नपाल गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "हैदराबादला पळून जाऊ म्हणायलीय."

ती पोट धरून हसली, आणि त्या दिवशी त्याला राग आला नाही. मग दर रविवारी तो सांगायचा आणि ती ऐकायची.

तुरीला फुलं लागली त्या सुमारास त्याच्या गोष्टी बदलल्या. त्यातले पुरुष मरणाचं बोलू लागले. तिनं आधी मनावर घेतलं नाही. मग एकदा पडद्यावर एक माणूस लेकराला मांडीवर घेऊन मजेत चहा पीत होता, आणि रत्नपाल म्हणाला, "मी बसून खायलोय, बायको राबायलीय, म्हणायलाय ह्यो. फवारणीचं औषध पिऊन मोकळा होतो म्हणायलाय."

राजश्री उठून टीव्हीच्या पुढं उभी राहिली आणि ओठ दिसतील असं सावकाश बोलली, "त्याची बायको काय म्हणायलीय सांगू? तू न्हाईस तर मी सांजच्याला कुणासाठी घरी येऊ, म्हणायलीय."

"तुला इंग्रजी कुठं येतंय?"

"तुमाला तरी कुठं येतंय?"

तो हसला नाही. गुडघ्यात तोंड घालून रडू लागला. आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं. नागनाथ शेजारून पळत आला. राजश्रीनं काही लपवलं नाही. नागनाथनं आपल्या गोठ्यातला फवारणीच्या औषधाचा डबा त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भावाला बिदरला डॉक्टरकडं नेलं.

गोळ्या चालू आहेत. त्यांनी झोप फार येते. पहिला पिक्चर अर्धा होतो न होतो, तोच रत्नपालची मान कलंडते. दुसरा पिक्चर चालू राहतो, आणि राजश्री पडद्याकडं न बघता त्याची खालीवर होणारी छाती बघत बसते.

ती रोजाला गेली की नागनाथची बायको सरुबाई निवडणं घेऊन रत्नपालच्याच दारात येऊन बसते. ती का बसते, ते त्याला माहीत आहे.