डोळे दुखले नाहीत म्हणून

ताई, त्या दिवशी तू मिरज स्टेशनवर आली नव्हतीस, तुझ्या सासरी पूजा होती. गाडी हलायच्या आधी अण्णांनी खिशातून कागदात गुंडाळलेली काळी काच काढून माझ्या हातात दिली. त्यांच्या वेल्डिंगच्या मुखवट्यातली, कोपऱ्याला टवका उडालेली. म्हणाले, "काच लावल्याबिगर बघायचं नाही. तिकडं सांगायला मी नसणार." मला हसू आलं. पुण्यात तीन आठवडे लेझर वेल्डिंग शिकून आलो होतो, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. लेझरला ती काच चालत नाही, त्याचा चष्मा वेगळा असतो, हिरवा. पण अण्णांना कोण समजावणार? काच बॅगेत टाकली आणि डब्यात चढलो.

परवा फोनवर तू विचारलंस, चार वर्षं झाली, अण्णांचं दुकान कुलूप लावून पडलंय, झाशीत असं काय सोनं लुटतोयस? म्हणून हे लिहितोय. अण्णांना ठाऊक आहे, तुला नाही.

झाशीच्या सीपरी बाजारातलं आमच्या शेठचं दुकान म्हणजे एक लांबट शेड. मिठाईवाल्यांचे काउंटर, हलवायांची टेबलं, पनीरची टाकी, सगळं स्टेनलेस स्टीलचं इथं बनतं. मी राहतो खंडेराव गेटजवळ, एका जुन्या मराठी घरात. तिथल्या काकू मला आमटी वाढतात आणि स्वतःच्या नातवंडांना हिंदीत रागावतात. आता मीही गुणाकार हिंदीत करतो. सुरुवातीला फार एकटं वाटायचं, आणि त्या दिवसांत मला जवळ केलं ते कक्कांनी.

कक्का म्हणजे दुकानातले जुने मिस्त्री, झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावचे. तीस वर्षं आर्क वेल्डिंग केलेले. तुला आठवतं ना, आर्कचा उजेड लागला की रात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं, आणि अण्णा डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडायचे? आपण दोघं खी खी करायचो. कक्कांच्या घरीही तेच. वेल्डरच्या घरात बटाटा आधी डोळ्यांना लागतो, मग भाजीला.

लेझरचं नवीन मशीन आलं त्या दिवशी सगळे भोवती जमले. मी गन हातात घेतली, दोन पत्रे जोडून दाखवले. केसासारखी बारीक शिवण, काळं पडणं नाही, घासणं नाही. सगळे वाहवा करत होते आणि मला चढली होती. मी म्हणालो, "कक्का, इसमें आँख नहीं जलती. अब आलू बचाओ." सगळे हसले. कक्का सगळ्यांत जास्त हसले.

मशीनबरोबर दोन हिरवे चष्मे आले होते. एक मी लावला. दुसरा पेटीत, पिशवीसकट तसाच राहिला. काढून कक्कांना द्यायचं काम माझं होतं.

आठवड्याभरानं आरशासारख्या चकचकीत पत्र्याचं एक काउंटर होतं. आतला कोपरा मी जोडत होतो. कक्का समोर बसून पत्रा धरून होते, नेहमीसारखे वाकून शिवण बघत. एकदम म्हणाले, "कछू चमको," काहीतरी चमकलं. मी गन बंद केली. त्यांनी डोळे चोळले, पाणी मारलं आणि पुन्हा पत्रा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी तेच विचारलं. "रात को आँख दुखी?" "नईं भैया, मजे सें सोए." मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनीही. आम्ही दोघंही आर्कवाल्यांच्या हाताखाली वाढलेले, इजा झाली की रात्री डोळे दुखणारच, एवढंच आम्हाला ठाऊक. दुखले नाहीत म्हणजे काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "काए भैया, डेरी आँख मूँदत तो तुमाओ मों नईं दिखात. कान दिखात." डावा डोळा झाकला की माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता एक डाग. डॉक्टरांनी सांगितलं, लेझरचा किरण डोळ्याला दिसत नाही, पत्र्यावरून उलटला आणि उजव्या डोळ्याच्या आतला पडदा जळला. तिथं दुखत नाही. आणि ते भरूनही येत नाही.

शेठनं डोळ्याचं विचारलं तेव्हा कक्का म्हणाले, शक्कर की बीमारी है. मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. ताई, त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते. त्यांनी मला एका शब्दानं कधी बोल लावला नाही, आणि तेच मला खातं. आजही चकचकीत पत्रा समोर आला की गन सुरू करण्याआधी माझी नजर पलीकडे जाते, तिथं कुणी वाकलंय का बघायला. कुणी नसतं, तरी हात थांबतो.

कक्का अजून येतात. बोटानं चाचपून पॉलिश करतात. संध्याकाळी सीपरीचा रस्ता ओलांडताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात, ऑटो किती जवळ आली ते त्यांना नीट कळत नाही. पलीकडे गेलं की हात काढतात आणि म्हणतात, "हओ, जाओ."

गेल्या पाडव्याला अण्णांनी नेहमीसारखं विचारलं, "कधी यायलास? दुकान तुझंच हाय." मला राहवलं नाही. चष्म्यासकट सगळं सांगून टाकलं. अण्णा म्हणाले, "उद्या आधी त्या शेठला खरं सांग. आणि तू आता तिथंच राहा. त्यांना सोडून येऊ नकोस."

शेठला सांगितलं. तेव्हापासून अण्णांनी कधी येतोस असं एकदाही विचारलेलं नाही. रोज फोन करतात आणि एवढंच विचारतात, "दोघांनी चष्मा लावला का?"