राहिलेले पेढे

पेढेकाकांना मुलगी झाली की भवानीपुरातल्या आम्हा मराठी मंडळींचा हमखास घोटाळा व्हायचा. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा रिवाज कलकत्त्यात येऊनही कुणी सोडला नव्हता. काका मात्र पेढेच वाटत. इथे संदेश हवा तेवढा मिळे, मनासारखा पेढा मिळत नसे. म्हणून हा रेल्वेतला कारकून बडाबाजारातून खवा आणायचा आणि काकू आत बाजेवर असताना स्वतः चुलीपुढे बसून भाजायचा.

त्यांच्या तिसऱ्या मुलीच्या वेळी मी बारा वर्षांची होते. पुडा बघताच माझे बाबा म्हणाले, "वा, वंशाला दिवा आला अखेर."

"मुलगी झाली, भाऊसाहेब. पेढा घ्या."

बाबा पेढा हातात धरून बसले. खावा की परत ठेवावा, त्यांना कळेना. काका म्हणाले, "गोड तेवढाच आहे. खाऊन बघा."

मग त्यांनी मला विचारलं, तुझ्या वेळी काय वाटलं होतं, पेढे की बर्फी? मीही घरातली तिसरी मुलगी. माझ्या वेळी बर्फीसुद्धा वाटली नव्हती. मी खाली बघत राहिले आणि बाबांनी वर्तमानपत्र उघडलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या हातावर एक पेढा ठेवला. "हा तुझा. बारा वर्षांचा शिळा नाही, आजच केलाय." तो मी चार दिवस पुरवून खाल्ला. पण तो बाबांनी द्यायला हवा होता, हे काही मनातून जाईना.

काकांनीही विषय सोडला नाही. मी मॅट्रिक झाले, शाळेत शिकवू लागले, माझं लग्न ठरलं; दर वेळी ते हसत हसत बाबांना टोचत, "हिचे पेढे राहिलेत हं." बाबा ऐकून घेत आणि पानाचा डबा पुढे करत. पुढे काकांची नागपूरला बदली झाली. हावड्याला गाडी हलली तरी खिडकीतून त्यांचं तेच चाललं होतं.

दोन वर्षांनी माहेरी मला मुलगी झाली. कधी चहासुद्धा न केलेले बाबा त्या दिवशी सकाळपासून चुलीपाशी होते आणि आईला आत येऊ देत नव्हते. दुपारी ते दोन पुडे घेऊन माझ्या खोलीत आले.

"हा हिचा," ते म्हणाले. दुसरा माझ्या उशाशी ठेवून म्हणाले, "आणि हा तुझा. फार उशीर केला मी."

मला रडू आवरेना. त्यातले चार पेढे मी पोस्टाने नागपूरला पाठवले. आठवड्याने बाबांच्या नावे काकांचं कार्ड आलं: "पेढे पोचले. खवा करपलाय. पुढच्या नातीच्या वेळी आच मंद ठेवा."