अकोल्याची नऊ नंबर

कॉलेजच्या टीममधल्या आम्ही मुली वर्षातून एकदा अमरावतीत कुणाच्या तरी घरी जमतो. जेवण साधंच असतं, पण उठायला संध्याकाळ होते, कारण ढोले सरांचा विषय निघतो. किस्से सांगून संपावेत ना, तर ते वाढतच जातात. मागच्या वर्षी कुणाच्या ध्यानीमनी नसलेला एखादा यंदा निघतोच.

ढोले सर आमचे बास्केटबॉलचे कोच. त्यांनी सगळ्यांना हरवलं, पण अकोल्याच्या एका कॉलेजला कधीच नाही. आमचं शेवटचं वर्ष होतं आणि त्यांचंही. उन्हाळ्यात रिटायर होणार होते. रोज प्रॅक्टिस संपली की म्हणायचे, "एकडाव अकोल्याले हरवून द्या पोरीहो, मंग मी सुखानं घरी बसतो."

आणि सरांचा खेळापेक्षा भरवसा कशावर, तर पाहणीवर. समोरची टीम कशी खेळते ते आधी जाऊन पाहून यायचं. कोण कुठून बॉल मारते, कोण लवकर दमते, सगळं. त्या वर्षी पाहायची होती एकच, अकोल्याची नऊ नंबरची मुलगी. ऐकून होतो ते असं: उंच, चपळ, आणि बॉल हातात आला की बास्केट ठरलेलंच.

•

पहिल्यांदा सरांनी आमच्या कॅप्टनला, वैशालीला पाठवलं. तिच्या घरचा फुलांचा मळा, त्यांची गाडी झेंडू घेऊन अकोल्याला जायचीच. सर म्हणाले, ग्राउंडजवळच्या देवीच्या देवळापाशी हारांची टोपली घेऊन बस, कुणाला संशय यायचा नाही. सोबत वही दिली.

नेमका मंगळवार निघाला. बाई दुपारी परत आली ती टोपली रिकामी अन् वहीही रिकामी.

सरांनी विचारलं, काय पाहिलं? तर म्हणते कशी, "सर, गर्दीच एवढी होती का मान वर कराले फुरसत नाही भेटली. पण आपले हार सगळे खपले."

•

मग सर स्वतःच कामाला लागले. अकोल्याला एका लग्नाला काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला घेऊन गेले, तर पंगतीत नऊ नंबर! तिच्या काकांच्या शेजारची जागा सरांनी पकडली आणि सुरू झाले. उंची पक्की किती? डावखुरी तर नाही ना? दम लागतो का? कधी मोठं आजारपण वगैरे? पुढच्या वर्षी इथंच आहे का?

काकाही खुश. बसा म्हणाले, जिलेबी वाढायला लावली, मुलीचं सगळं सांगितलं. हात धुतल्यावर सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "आमचं त सांगून झालं. आता मुलगा काय करते ते सांगा."

सरांना दोन्ही मुलीच. दोघींची लग्नंही झालेली! परतीच्या वाटेत काकू थेट बडनेरा येईपर्यंत सरांशी बोलल्या नाहीत. हा किस्सा आम्हाला त्यांनीच सांगितला, आणि सांगताना पुन्हा चिडल्या.

•

त्या पंगतीत काकांच्या तोंडून सरांना एवढंच पक्कं कळलं की मुलगी भलती उंच आहे. तर त्यांनी काय करावं? अंगण झाडायचा खराटा आणला, हात वर करून आमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, हीच नऊ नंबर समजा. महिनाभर आम्ही खराट्यावरून बॉल टाकत होतो. काड्या डोळ्यांत जायच्या ते वेगळंच.

मॅचच्या आदल्या दिवशी अकोल्याला पोचलो आणि ती समोरून चालत गेली. आमची टीम बघत राहिली. वैशाली हळूच म्हणाली, "सर, हे त खराट्यापेक्षा बुटकी हाय."

•

अकोलेवालेही काही कमी नव्हते. त्यांचा एक माणूस आमची प्रॅक्टिस पाहायला अमरावतीला आला होता. सरांनी त्याला लांबूनच ओळखलं, बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला, आणि आम्हाला कानात सांगितलं, आज सगळ्यांनी उलट्या हातानं खेळायचं.

खेळलो बाप्पा. तो माणूस भराभर लिहीत होता. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला आमचं एकही बास्केट पडेना. कुणाला आपला खरा हात कोणता तेच कळेना. सरांनी डोक्याला हात लावला.

•

आता शेवटचा. हा दरवर्षी मीच सांगते, कारण मी तिथं होते.

मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी अकोल्याच्या ग्राउंडमागच्या नळावर पाणी प्यायला गेले. पायरीवर नऊ नंबर बसली होती. उजवा गुडघा टम्म सुजलेला, दात आवळून पट्टी बांधत होती. माझ्याकडं पाहिलं आणि झटकन पँटचा पाय गुडघ्यावरून खाली ओढला.

मी पळत येऊन सरांना सांगितलं. वाटलं, सर नाचतील. तिला चारदा उजव्या पायावर वळायला लावलं असतं तर ती दहा मिनिटांत बाहेर बसली असती. सरांनी तीनदा विचारलं, "पक्कं पाहिलं ना?" मग म्हणाले, जा, जेवून घे.

सकाळी टीमला म्हणाले, "नऊ नंबरच्या अंगावर कोणी जायचं नाही. दुरून खेळा."

वैशालीला राहवलं नाही. "सर, हरू ना मंग."

"हरू," सर म्हणाले.

हरलो. दोन पॉइंटनं. शेवटचं बास्केट तिचंच. मला तर रडूच फुटलं. वीस वर्षं माणूस एका मॅचची वाट पाहतो, आणि ती अशी हातची सोडतो!

आम्ही गाडीत सामान टाकत होतो तेव्हा ती लंगडत आली. सरांच्या पाया पडायला गेली, पण तिला वाकता येईना. सरांनी तिला दंडाला धरून तसंच उभं केलं. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"सर, काल हिनं मले पट्टी बांधताना पाहिलं होतं. तुमाले सांगतलं नाही काय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या गुडघ्याकडं.

"नाही व माय," सर म्हणाले. "औंदा आमचं पाहायचंच राहून गेलं."